१० मीटर रेंजसाठी तिरप्या पत्र्याचा पेलेट ट्रॅप : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

एअर रायफलच्या रेंजवर छर्रा अडवणे हे बॅकस्टॉपचे, म्हणजे लक्ष्यामागच्या अडथळ्याचे, सर्वांत सोपे काम आहे. अडल्यानंतर तो छर्रा आणि त्याचे कण कोठे जातील हे ठरवणे, हे त्याचे खरे काम. कोल्हापुरात गुळाच्या एका जुन्या गोदामात आम्ही काही जण मिळून १० मीटरची रेंज चालवतो. तेथे तिरप्या पोलादी पत्र्याचे ट्रॅप, म्हणजे छर्रे झेलणाऱ्या पेट्या, बसवून आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे, आणि त्याआधी माती, पुट्टी व रबर हे तिन्ही पर्याय आम्ही वापरून पाहिलेले आहेत. ट्रॅप घेताना किंवा बनवून घेताना बहुतेक जण पत्रा किती जाड आहे एवढेच विचारतात. मी हा अनुभव लिहिताना जाडीला फारसे महत्त्व देणार नाही.

त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. स्पर्धेच्या एअर रायफलचा ४.५ मिमीचा, चपट्या तोंडाचा शिशाचा छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो आणि तो सेकंदाला साधारण १७० ते १८० मीटर वेगाने नळीबाहेर पडतो. म्हणजे त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास भरते. शिसे मऊ असल्यामुळे ही ऊर्जा पत्रा वाकवण्यात नव्हे, तर छर्रा स्वतः चपटा होण्यात आणि फुटण्यात खर्च होते. आमचा पत्रा ३ मिमी जाडीच्या साध्या माइल्ड स्टीलचा आहे आणि इतक्या वापरानंतरही त्यावर पोचा पडलेला नाही. रायफलच्या गोळ्यांसाठी वापरतात तसे कठीण केलेले पोलाद येथे घेणे म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय आहे.

कोन मात्र अत्यंत महत्त्वाचा आहे. पत्रा उभा, म्हणजे छर्ऱ्याच्या वाटेला काटकोनात असेल, तर छर्रा आदळताच शिसे पत्र्याला चिकटून चारही दिशांना पसरते आणि त्याचे बारीक तुकडे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखेच उडतात. पत्र्याची वरची कड नेमबाजाकडे झुकवून तो ४५ अंशांत बसवला की तुकड्यांचा मोठा भाग पत्र्यालगत घसरून खाली आणि मागे जातो, जेथे त्यांना झेलण्यासाठी ट्रे ठेवता येतो. तरीही थोडे शिसे बाजूंना फेकले जातेच, म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंती ट्रॅपच्या तोंडापर्यंत सलग आणलेल्या असल्या पाहिजेत. आमच्या फॅब्रिकेटरने नमुना म्हणून दिलेल्या पहिल्या पेटीत या भिंती तोंडापासून आत तीन-चार बोटे अलीकडेच संपत होत्या, आणि त्या फटीसमोरच्या जमिनीवर दोन्ही बाजूंना करड्या भुकटीचे पट्टे उमटू लागले होते. पुढच्या पेट्यांत ही त्रुटी दूर करून घेतली.

तोंडाच्या कडेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाजारातल्या अनेक ट्रॅपांमध्ये दोष येथेच असतो. पत्र्याची धार हाताला लागू नये म्हणून कारागीर ती दुमडतात, आणि ती दुमड सरळ नेमबाजाकडे तोंड करून राहते. नेमका कागद चुकवणाऱ्या नवशिक्याचा छर्रा या सात-आठ मिलिमीटर रुंदीच्या सपाट पट्टीवर काटकोनात बसतो, आणि परत फिरण्याची सर्वाधिक शक्यता असलेला छर्रा तो हाच. आमच्याकडे असे चपटे झालेले छर्रे ट्रॅपच्या पुढे मीटर-दोन मीटरवर सापडत असत. आता कड बाहेरच्या बाजूस तिरपी वळवून घेतली आहे आणि तिच्यासमोर जाड कार्डबोर्डची चौकट लावली आहे. छर्रा कार्डबोर्डमधून जाताना थोडा वेग गमावतो, आणि तरीही उडालेला तुकडा चौकटीच्या मागेच अडतो. चौकट फाटली की बदलायची, एवढीच तिची देखभाल.

तोंडाचा आकारही येथेच सांगायला हवा. एअर रायफलचे कागदी लक्ष्य ८० मिमी चौरस असते आणि पिस्तुलाचे १७० मिमी चौरस. बाजारात मिळणाऱ्या नरसाळ्याच्या आकाराच्या छोट्या ट्रॅपचे तोंड १४ सेंटिमीटरचे असते, ते रायफलच्या सरावलेल्या नेमबाजाला पुरते. शिकणाऱ्या मुलांसाठी ते अजिबात पुरेसे नाही. आम्ही तोंड बरेच मोठे ठेवले आहे, लक्ष्याचा मध्य नियमाप्रमाणे जमिनीपासून १.४ मीटरवर येईल अशी मांडणी केली आहे, आणि एवढे करूनही ट्रॅपमागची संपूर्ण भिंत प्लायवूड व त्यापुढे सैल टांगलेल्या जाड पडद्याने झाकली आहे. ट्रॅप हा नेम लागलेल्या छर्ऱ्यांसाठी असतो. नेम चुकलेल्यांसाठी भिंतीची वेगळी सोय लागतेच. लाकूड उघडे ठेवू नये, कारण कठीण लाकडावरून आणि ताणलेल्या रबरावरून मंद वेगाचा छर्रा पत्र्यापेक्षाही जोमाने उलटतो.

आधीच्या पर्यायांपैकी पुट्टीचा अनुभव सर्वांत चांगला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. न सुकणाऱ्या तेलकट पुट्टीचा जाड थर पेटीत भरला की छर्रा त्यात रुततो, आवाज जवळजवळ होत नाही आणि छर्रा फुटत नसल्यामुळे भुकटीही होत नाही. घरातल्या एका नेमबाजासाठी मी आजही पुट्टीच सुचवीन. मात्र रेंजवर सगळे जण एकाच ठिकाणी मारतात, त्यामुळे मधल्या भागात शिशाचा घट्ट गोळा तयार होतो आणि नवा छर्रा पुट्टीवर न बसता जुन्या छर्ऱ्यांवर बसून परत येऊ लागतो. गोळा वेळेवर उकरून काढावा लागतो, आणि ते काम शिशात हात घालण्याचेच आहे. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली ही पुट्टी इतकी सैल होते की थर खाली ओघळतो आणि वरच्या बाजूला पेटीचा मागचा पत्रा उघडा पडतो. स्वस्तात काम होईल म्हणून शाडूची मातीही भरून पाहिली. ती वाळली, तडकली आणि प्रत्येक छर्ऱ्यागणिक धूळ उडवू लागली. रबराचे तुकडे भरलेली पेटी गोळ्यांच्या रेंजवर उपयोगी पडते, पण आमच्या छर्ऱ्यांसाठी तिचा खटाटोप जास्त आणि फायदा कमी वाटला.

पत्र्याच्या ट्रॅपचा उघड तोटा म्हणजे आवाज. प्रत्येक शॉटला पत्रा वाजतो, आणि शेजारच्या लेनमध्ये श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसाला तो ऐन वेळी खटकतो. मोटारींच्या दारांत आतून चिकटवतात ती डांबरी शीट पत्र्याच्या मागच्या बाजूला लावल्यावर टणत्काराचा नुसता ठोका उरला. ट्रेमध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सपाट अंथरला आहे, त्यामुळे खाली पडणाऱ्या तुकड्यांचा दुसरा आवाजही बंद झाला. कंपनाने नट सैल होतात, म्हणून लॉकनट वापरावेत. पावसाळ्यात पत्र्याला गंज धरतो, पण ज्या भागावर मारा होतो तेथे शिशाचा थर बसत जाऊन पत्रा कल्हई केलेल्या पातेल्यासारखा दिसू लागतो आणि गंजतही नाही. उरलेल्या भागाला तेलाचा हात फिरवला की पुरते. पुढच्या बाजूला रंग देऊ नये, त्याची साल छर्ऱ्यांबरोबर ट्रेमध्ये जमते.

हा शिशाचा थर मात्र वाढू देता कामा नये. मारा होणाऱ्या जागी त्याचा उंचवटा तयार झाला की पत्र्याचा ४५ अंशांचा कोन तेथे उरत नाही, आणि छर्रे वेडेवाकडे उडू लागतात. आम्ही तो ओला करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतो.

आता धुळीविषयी, कारण मूळ निकषावर या ट्रॅपचा कस येथेच लागतो. एअर रायफलमध्ये काडतूस नसल्यामुळे बारुदाचा धूर आणि प्रायमरमधील (काडतूस पेटवणाऱ्या टोपीतील) शिशाची वाफ यांचा प्रश्न येत नाही, म्हणून अनेकांना वाटते की येथे शिशाचा धोकाच नाही. ट्रॅपसमोरची फरशी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी : पत्र्यापासून पहिल्या मीटरभरात फडके करडे होते, नेमबाजाच्या बाजूला येईपर्यंत ते जवळजवळ स्वच्छ राहते. हा करडेपणा म्हणजे छर्रे फुटल्याने झालेली भुकटी आहे. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असे मानता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत ती अधिकच गांभीर्याने घ्यावी लागते. आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मी शाळकरी मुले आहेत.

त्यामुळे ट्रॅपकडे झाडू न्यायला आम्ही बंदी घातली आहे. झाडूने आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ही भुकटी हवेत उडते. ट्रॅपचा परिसर साबणाच्या पाण्याने ओल्या पोछ्याने पुसायचा, हातमोजे व मास्क घालायचा आणि पोछा फक्त त्याच कामासाठी ठेवायचा. छताचे पंखे ट्रॅपच्या बाजूला बंद असतात आणि एक्झॉस्ट पंखा ट्रॅपच्या वरच्या भिंतीत बसवला आहे, म्हणजे हवा नेमबाजाकडून लक्ष्याकडे वाहते, उलट नाही. मुलांना छर्रे ओठांत धरायची सवय असेल तर ती पहिल्याच दिवशी मोडावी लागते, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही हा नियम पालकांनाही लागू आहे.

याच बाबतीत आमच्या पेट्यांत एक दोष राहिला आहे. ट्रे काढण्यासाठी खाली दिलेले दार चौकटीत घट्ट बसत नाही, आणि पत्र्यालगत घसरलेली सर्वांत बारीक भुकटी त्याच फटीतून खाली झिरपते. फॅब्रिकेटरला दोनदा सांगूनही त्याने नुसती कडी बदलून दिली. त्याच्या दृष्टीने छर्रे बाहेर येत नाहीत एवढे पुरेसे होते. सध्या आम्ही फ्रिजच्या दाराला असते तसे रबरी गॅस्केट स्वतःच चिकटवून काम चालवतो.

ट्रेमध्ये साठणारे शिसे किती असते, याचा अंदाज आधीच घ्यावा. एका ६० शॉटच्या सामन्यात सुमारे ३२ ग्रॅम शिसे खाली पडते, आणि रोज शंभर शॉट मारणारा एकटा नेमबाज वीस दिवसांत किलोभर शिसे जमवतो. ट्रे भरेपर्यंत थांबू नये, कारण साठलेल्या ढिगावर पडणारे तुकडे पुन्हा उडतात. जमलेले शिसे बंद डब्यात ठेवून बॅटरीचे शिसे घेणाऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला द्यावे. घरी वितळवू नये; शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून स्वयंपाकघरातल्या शेगडीवर हे सहज जमेल असे काहींना वाटते.

शेवटी मर्यादा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले तेव्हापासून आमच्याकडे ‘हाच ट्रॅप ५० मीटरला चालेल का’ अशी विचारणा होते. चालणार नाही. तो प्रकार .२२ काडतुसांचा आहे. त्या गोळीची ऊर्जा आमच्या छर्ऱ्याच्या पंधरा-सोळा पटींहून अधिक असते आणि मोकळ्यावर सुटलेली गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. तेथे दगडगोटे नसलेल्या मातीचा उंच बांध, वरून आडवे अडथळे आणि परवानगी, असा सगळा वेगळाच पसारा लागतो. कोकणात असा बांध घालणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट पाहावी : जांभ्याची माती आम्लधर्मी आणि पाऊस मुसळधार, अशा ठिकाणी बांधात रुतलेले शिसे पाण्यात उतरण्याची शक्यता अधिक असते, म्हणून मातीत चुना मिसळतात आणि शिसे ठरावीक काळाने चाळून काढतात.

१० मीटरच्या शाळा-क्लबांसाठी, जेथे एका लेनवर दिवसभर अनेक जण मारतात, तेथे मी तिरप्या पत्र्याचाच ट्रॅप घेईन. मागणी नोंदवताना बाजूच्या भिंती तोंडापर्यंत, कड बाहेर तिरपी आणि खालचे दार गॅस्केटसह, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. कथलाचे बिनशिशाचे छर्रे वापरायचा विचार असेल तर तोही आधीच सांगावा. ते कठीण असल्याने कमी चपटे होतात आणि अधिक उलटतात, त्यामुळे तोंडावरचा पडदा जास्त जाड लागतो.