जुन्या इमारती बघायला अमेरिकेतलं कुठलं शहर, बफेलो की सिनसिनाटी?

नायगारा बघायला गेलेली आपली मंडळी बफेलोत जेमतेम एक रात्र काढतात आणि पुढे निघतात, याची मनापासून हळहळ वाटते. तिथली वास्तुविशारद लुई सलिव्हनची १३ मजली गॅरंटी बिल्डिंग (१८९६) अगदी जवळ जाऊन बघा. तांबूस टेराकोटावर पानाफुलांची नक्षी, इतकी दाट की बोट टेकवायला सपाट जागा सापडत नाही. भार आतल्या पोलादी सांगाड्यावर, त्यामुळे बाहेरचे सडपातळ खांब थेट वर चढत जातात. शिवाय दुसरा नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट, त्याचं मार्टिन हाउस आहेच. त्याचीच लार्किन इमारत मात्र १९५० मध्ये पाडली, ती जखम अजून सलते.

सिनसिनाटीत एकेक इमारत नव्हे, अख्खी वस्ती बघायची. ओव्हर-द-राइन या भागात जर्मन स्थलांतरितांची विटांची घरं, उंच अरुंद खिडक्या, माथ्यावर ठसठशीत कॉर्निस, म्हणजे छपराशी पुढे आलेली पट्टी. १८७८ चा म्युझिक हॉल तिथेच. थोडं लांब युनियन टर्मिनल हे रेल्वे स्थानक (१९३३), अर्ध्या घुमटाखाली चित्रकार विनोल्ड राइसची भव्य मोझाइक चित्रं.

रमतगमत गल्ल्या पालथ्या घालायच्या असतील, तर सिनसिनाटी उजवं. पण एकाच शहराचं तिकीट काढायचं असेल, तर मी सलिव्हनसाठी बफेलोचंच काढेन.