बदलीच्या गावात पहिली ते पाचवीचा प्रवेश : कुठे काय अडतं

जिल्हा परिषदेच्या शाळेतला प्रवेश एक सेवा म्हणून तपासला, तर शाळेच्या दाराशी मिळणाऱ्या वागणुकीला पाचपैकी साडेचार गुण द्यावे लागतील आणि त्यामागच्या ऑनलाइन कामाला जेमतेम अडीच. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी शाळांत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांच्या कोट्याला, तेही फक्त गाव बदलून येणाऱ्यांच्या नजरेतून पाहिलं तर, दीड. खासगी शाळांना सरसकट गुण देता येत नाहीत. त्या संस्थेगणिक बदलतात.

साडेचार कशासाठी, ते आधी. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याचं कलम 5 बदलीवाल्यांच्या सर्वांत कामाचं. जुन्या शाळेनं दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. कलम 14 प्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद, तीही नसेल तर पालकाचं घोषणापत्र चालतं. कलम 15 नुसार दिवाळीनंतर आलेलं लेकरूसुद्धा घ्यावंच लागतं. खेड्यातल्या शाळेत हे पाळलं जातं, कारण पट टिकवायचा असतो. नवं मूल आलं की गुरुजी स्वतः खुर्ची सरकवतात. तालुक्याच्या ठिकाणी मात्र “टीसी आणा, मंग पाहू” हे वाक्य अजून ऐकू येतं. तिथे वाद घालू नये. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहावा, त्यात कलम 5 चा उल्लेख करावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागावी. पोच द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी प्रवेश होतो. नाहीच झाला तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), या क्रमानं जावं.

आता अडीच का ते. दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं पालक समजतात, आणि पुष्कळदा जुने गुरुजीही तसंच समजतात. पण यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, ते मूल अजून जुन्याच शाळेत ‘चालू’ असतं. जुन्या शाळेनं आधी मागच्या वर्षाचं प्रोग्रेशन (निकाल आणि पुढचा वर्ग) भरायचं, मग ‘टीसी घेऊन गेला’ अशी नोंद करायची. तेव्हा मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, पडतं. नवी शाळा पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून त्याला तिथून आपल्याकडे ओढते. जुन्या शाळेनं घाईत सगळ्या वर्गाला ‘याच शाळेत शिकत आहे’ असं टिकमार्क करून टाकलं असेल, तर नव्या शाळेला मूल दिसतं पण घेता येत नाही. मग नवी शाळा रिलीज रिक्वेस्ट पाठवते आणि जुन्या शाळेनं ती मंजूर करायची असते. मेच्या सुट्टीत कोण लॉगिन उघडतो? रिक्वेस्ट पडून राहिली तर जुन्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या एमआयएस समन्वयकाकडे फोन करणं हाच उपाय. त्यासाठी जुन्या शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक जवळ हवा. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढचे दोन जिल्ह्याचे: 04 बुलढाणा, 07 अमरावती, 13 चंद्रपूर, 14 यवतमाळ. एकच नाव असलेल्या दोन गावांच्या शाळांत गल्लत होते ती या क्रमांकानं टळते.

पेन माहीत नसेल तर मुलाचा आधार क्रमांक आणि जन्मवर्ष टाकून शाळेला तो शोधता येतो. इथेच दुसरी अडचण निघते. आधारवर ‘वैष्णवी’, दाखल-खारीज रजिस्टरात ‘वैशाली’. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, रजिस्टरात जूनमधली. अशा लेकराचं आधार प्रमाणित होत नाही, आणि संचमान्यतेच्या (शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवण्याच्या) पटात आधार प्रमाणित नसलेलं मूल धरलं जाईल याची खात्री नसते. म्हणून नव्या शाळेचे गुरुजी आधारसाठी पुन्हा पुन्हा निरोप पाठवतात. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, एका मुलावरून शिक्षकाचं पद जाऊ शकतं.

तीच संचमान्यता दाखला अडण्याचंही मूळ आहे, फक्त ते कुणी तोंडानं सांगत नाही. शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दाखला मागितला की “साहेब मीटिंगला गेले”, “शिक्का सापडत नाही” सुरू होतं, आणि ऑक्टोबर लागताच तोच दाखला अर्ध्या तासात मिळतो. घर हलवायचं आधीच ठरलं असेल तर सगळ्यांत सोयीचा दिवस 1 मे. झेंडावंदन आणि निकाल एकाच दिवशी, त्यामुळे सगळा स्टाफ हजर, शिक्का टेबलावर आणि मुख्याध्यापकांची सही जागेवर. हा दिवस चुकला तर शाळेला कुलूप. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे जूनचा चौथा आठवडा उजाडतो. पश्चिम महाराष्ट्रातून विदर्भात येणाऱ्याला हा फरक फायद्याचा, इकडून तिकडे जाणाऱ्याला तोट्याचा.

दाखला घेताना तो शाळेतच उभ्यानं वाचून काढावा. मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी सारखी आहे का, जन्मस्थळापुढे तालुका आणि जिल्हा लिहिला आहे का, जात आणि पोटजात, विद्यार्थी क्रमांक, रजिस्टर नंबर. ‘कुणबी’च्या ठिकाणी नुसतं ‘हिंदू’ लिहिलेला दाखला बारा वर्षांनी जात पडताळणीच्या वेळी घाम फोडतो, कारण समिती पहिल्या शाळेची नोंदच मागते. मूल शाळेत असेपर्यंत चुकीची दुरुस्ती पुराव्यासह अर्ज देऊन होते. शाळा सोडल्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं आणि लेखनप्रमादाखेरीज फारसं काही बदलून मिळत नाही. दाखल-खारीजचा उताराही त्याच दिवशी मागून ठेवावा. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, म्हणून आधी दोन-तीन झेरॉक्स. तेलंगणा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडच्या शाळेचा दाखला असेल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घ्यावी. आदिलाबादला किंवा बैतुलला फक्त एका सहीसाठी परत जाणं परवडत नाही.

वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला काही महिन्यांपुरतं जायचं असेल तर दाखला काढूच नये. शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर जुन्या वर्गातली जागा शाबूत असते. मेळघाटातून परतवाड्याच्या बाजूला भट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांना याचा उपयोग सर्वांत जास्त, आणि माहिती सर्वांत कमी.

शाळा निवडताना पट, इमारत, स्मार्ट टीव्ही हे सगळं नंतर. आधी विचारा, वर्ग कितवीपर्यंत. अनेक जिल्हा परिषद शाळा चौथीलाच संपतात, काही पाचवीला, काही सातवीला. तिसरीतलं मूल चौथीपर्यंतच्या शाळेत टाकलं तर वर्ष-दीड वर्षात पुन्हा दाखला, पुन्हा ड्रॉपबॉक्स. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची सोय एक किलोमीटरच्या आत हवी. नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा विचार असेल तर पाचवीत जिल्हा बदलू नये: पाचवीचं पूर्ण सत्र ज्या जिल्ह्यात, परीक्षाही त्याच जिल्ह्यातून. पोषण आहाराची अडचण सहसा येत नाही, पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो आणि एकदोन लेकरं वाढली तरी भागतं. पुस्तकांचं तसं नाही. मागणी आधीच्या पटावर गेलेली असते, त्यामुळे उशिरा आलेल्याला संच कमी पडतो. जुनी पुस्तकं रद्दीत न टाकता सोबत आणावीत आणि केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत जादा संच आहे का, हे केंद्रप्रमुखांना विचारावं.

आरटीईच्या कोट्याला दीड देताना योजनेला नावं ठेवायची नाहीत. सोडत पारदर्शक आहे, आणि 2024 मध्ये खासगी शाळांना त्यातून सूट देणारी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केली हे चांगलंच झालं. पण ही सेवा घर बदलणाऱ्यांसाठी बनलेलीच नाही. अर्ज निघतात हिवाळ्यात, 2025-26 साठी जानेवारीत निघाले. बदल्या होतात मे-जूनमध्ये. प्रवेश फक्त पहिली किंवा त्याआधीच्या प्रवेशाच्या वर्गाला, दुसरी-तिसरीत या कोट्यातून शिरता येत नाही. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. पत्त्यासाठी भाडेकरार द्यायचा तर तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान 11 महिन्यांचा आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा लागतो. खेड्यात खोली तोंडी बोलीवर मिळते, घरमालक नोंदणीला तयार होत नाही आणि अर्ज तिथेच मरतो. आर्थिक दुर्बल गटाला एक लाखाच्या आतला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, तो सेतूवर आधीच टाकावा. परराज्यातलं जातप्रमाणपत्र चालत नाही.

तरीही भरायचाच असेल तर नकाशावरचा फुगा नीट लावा. गावाचं नाव टाकलं की तो बहुधा भलत्याच जागी पडतो. झूम करून स्वतःच्या घरावर ओढून आणावा, कारण अंतर त्यावरूनच धरतात आणि पडताळणीत तफावत दिसली तर लागलेला नंबर जातो. शाळा दहापर्यंत निवडता येतात, पण दूरची शाळा भरताना ऑटोचा महिना आठवावा. एकाच मुलाचे दोन अर्ज बाद होतात, आणि ‘कन्फर्म’ न केलेला अर्ज सोडतीत जातच नाही. एसएमएसची वाट पाहू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः पाहा. नंबर लागला तर थेट शाळेत न जाता अलॉटमेंट लेटर आणि मूळ कागद घेऊन आधी तालुक्याच्या पडताळणी समितीकडे जायचं असतं.

खासगी शाळेत पैसे भरून जाणाऱ्यांनी दोनच गोष्टी पाहाव्यात. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणं कलम 13 प्रमाणे बेकायदा आहे, कॅपिटेशन फीसुद्धा. आणि शाळेला स्वतःचा यू-डायस क्रमांक आहे का, मान्यता कितवीपर्यंत आहे, हे पावती फाडण्याआधी विचारावं. फ्लेक्सवर दहावीपर्यंतचे वर्ग आणि मान्यता चौथीपर्यंतची, अशा शाळेतून निघताना दाखला दुसऱ्याच शाळेच्या नावानं मिळतो.