असिस्ट डॉट ऑर्ग: फुकटचं, रूक्ष, आणि आमच्या 2,400 डॉलरच्या सल्लागारापेक्षा शहाणं

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला, कारण एका कॉलेजातला कोर्स दुसऱ्या विद्यापीठात धरला जातो का ते दाखवणारं हे पान इतकं रूक्ष आहे की पहिल्यांदा उघडलं तेव्हा दोन मिनिटांत बंद केलं आणि पैसे देऊन प्रवेशाचा सल्लागार गाठला. आता यात त्या पानाचा काय दोष, असं लेक म्हणते. असो, अर्धा तारा कापलेलाच राहू दे.

लेक कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं करता येतात अशा स्वस्त सरकारी कॉलेजात होती, तिथून ट्रान्सफर घेऊन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बायॉलॉजीला जायचं होतं. "का गं, मार्क कमी पडले का?" हे मंडळात प्रत्येक सणाला एकदा तरी ऐकून झालं होतं. तेव्हा उत्तर सुचायचं नाही. आज सांगेन: तिथे युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, 46 डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरला लागणारी 60 युनिटं 2,760 डॉलरमध्ये होतात. आणि मी घाबरून त्या सल्लागार बाईंना दिले 2,400.

असिस्टवर नेमकं असतं काय? वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, जायचं ते विद्यापीठ आणि विषय निवडा. दोन रकाने उघडतात. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या जागी धरला जाणारा आपल्या कॉलेजातला कोर्स. नसेलच, तर तिथे सरळ 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं लिहिलेलं. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या आपसातल्या करारांची ही अधिकृत जागा आहे, कुणाचं ऐकीव मत नाही.

सल्लागार बाईंनी रंगीत पीडीएफ पाठवलं होतं. त्यात म्हटलं होतं की केमिस्ट्रीचा दुसरा भाग आत्ता राहू दे, उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातून कर. एका रात्री जेवणं झाल्यावर लेकीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "आई, इथे बघ." डावीकडे डेव्हिसचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या त्या कॅम्पसचे, केमिस्ट्रीचे तीन कोर्स एकाच चौकटीत बांधलेले. उजवीकडे तिच्या कॉलेजचे दोन, आणि दोघांच्या मध्ये छोटंसं 'अँड'. डेव्हिसला वर्षाची विभागणी तीन क्वार्टरमध्ये, हिच्याकडे दोन सेमिस्टरमध्ये, म्हणून दोनाचे तीन होतात. पण ते दोन्ही मिळून. एक इथून आणि एक तिथून केला, तर ती चौकट भरलीच असं धरता येत नाही. तीन अक्षरी शब्द, आणि रंगीत पीडीएफमध्ये त्याचा पत्ताच नव्हता. बाईंना कळवलं. दुरुस्त पीडीएफ आलं. दिलगिरीचा शब्द नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक कॅम्पसचं पान वेगळं उघडायला लागलो. डेव्हिसला एखादा कोर्स चालला म्हणून तो बर्कलीलाही चालेल, असं अजिबात नाही.

असिस्ट सगळं सांगतं का? नाही. प्रवेश मिळेल का, किती जीपीए (ग्रेडची सरासरी) पुरेल, हे तिथे शोधू नका. त्यासाठी कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमधल्या समुपदेशक भेटल्या. अर्धा तास, फुकट. टॅग म्हणजे हमीच्या प्रवेशाचा करार, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. तो डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहाच कॅम्पस देतात. भरायचा एकाच ठिकाणी, 1 ते 30 सप्टेंबरमध्ये. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग भरला तरी शरदातला नेहमीचा अर्ज चुकत नाही. शिवाय जानेवारीत ताजे ग्रेड कळवायचा एक फॉर्म असतो, तो विसरायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

बाईंच्या पॅकेजमध्ये निबंध तपासणीही होती. युनिव्हर्सिटीच्या अर्जात चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. ट्रान्सफरवाल्यांना त्यातला एक प्रश्न सक्तीचा, निवडलेल्या विषयासाठी काय तयारी केली त्याचा. लेकीने संध्याकाळच्या लॅबबद्दल लिहिलं होतं: पिपेट धरताना हात थरथरायचा, म्हणून घरी ड्रॉपरने रंगीत पाणी मोजत बसायची. मी तो ड्रॉपर शोधत घर पालथं घातलं होतं, म्हणून मला ते चांगलंच आठवतं. तपासून आलेल्या मजकुरात ना ड्रॉपर, ना थरथर. 'पॅशन' मात्र तीनदा. लेकीने आपला जुना मजकूरच पाठवला.

लॉस एंजेलिसने नाही म्हटलं. डेव्हिसचा टॅग मंजूर झाला, आता ती तिथेच आहे. गेल्यावर पहिल्या आठवड्यातच मी तिला विद्यापीठातलं तिचं ऑनलाइन खातं उघडून बघायला लावलं. केमिस्ट्रीचे तिन्ही कोर्स जमा होते.