वडिलांची मेमरी टेस्ट: सोलापुरात की पुण्यात?

आमचं दोन्हीकडं करून झालंय म्हणून लिहितोय. घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारायला लागलं की पहिला सल्ला येतो, "पुण्याला दाखवा की". आमचा भाऊ पुण्यात, त्यामुळं आमच्याकडं तर जास्तच.

पुण्याला उगाच नावं ठेवत नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्यूरोलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट, एमआरआय एकाच बिल्डिंगीत, टेस्टिंग सविस्तर, रिपोर्ट नीट टाइप केलेला. सोलापुरात डॉक्टर एकीकडं, लॅब दुसरीकडं, एमआरआय तिसरीकडं, फाईल मांडीवर घेऊन सात रस्ता चौकातनं रिक्षा फिरवत बसा. बी-१२, थायरॉईड, शुगर, सोडियमच्या रक्ततपासण्या मात्र इथंच आधी उरकून घ्या, कारण बी-१२ किंवा थायरॉईड कमी असलं तरी माणूस विसरायला लागतो, डिप्रेशनमध्ये पण तसंच दिसतं, आणि ते औषधानं सुधारतं.

मला खटकलं ते वेगळंच. एमएमएसई म्हणून जी स्मरणशक्ती तपासायची ३० मार्कांची प्रश्नावली असते त्यातले १० मार्क नुसते वेळ आणि जागेचे, म्हणजे आज वार कुठला, महिना कुठला, गाव कुठलं, आपण कितव्या मजल्यावर आहोत. आता पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडून अडीचशे किलोमीटर आलेला, जागा आयुष्यात पहिल्यांदा बघणारा, लिफ्टमधनं वर नेलेला माणूस मजला काय सांगणार, मलाच आठवून सांगावं लागलं असतं. महिना विचारल्यावर आप्पा म्हणाले, "होम मैदानावर गड्डा भरलाय की." गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, पण टेस्ट घेणाऱ्या पोरीला ते माहीतच नाही, तिनं शून्य टाकलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली. तिचं काही चुकलं असं नाही, रांगच तेवढी होती बाहेर.

सोलापुरात टेस्ट घेणाऱ्या मॅडमपुढं आप्पांनी तेच उत्तर दिलं. त्या हसल्या, "हो का, मग सिद्धेश्वराची यात्रा कुठल्या महिन्यात येते?" विचारलं, आप्पा थांबून म्हणाले जानेवारी. मार्क दिला का नाही माहीत नाही, पण शेजारी काहीतरी लिहिलं त्यांनी. शाळा किती शिकलात, मिलमध्ये कुठल्या खात्यात होता, तेलुगू समजतं का, हे पण विचारलं. शिक्षण कमी असलं की चांगल्या माणसाचे पण मार्क कमी येतात म्हणे, तेव्हा आकडा एकटा धरून चालत नाही. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला दिलं तेव्हा काटे चुकलेच, ते काय लपत नाही, पण आप्पा घाबरलेले नव्हते हे मला दिसलं.

आणि हे एकदाचं काम नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा, गोळी बदला, हे चालूच राहतं. दरवेळी पुणे कसं जमणार.

अर्थात ज्याचं त्यानं बघावं. वय ६५ च्या आत असेल, काही आठवड्यांत झपाट्यानं बिघडत असेल, नसलेली माणसं दिसत असतील किंवा चालताना सारखा तोल जात असेल तर मी पण पुण्यालाच नेईन. फक्त आदल्या दिवशी मुक्कामाला जा, टेस्ट सकाळची घ्या, आणि चष्मा अन् कानाचं मशीन बॅगेत नको, आत जाताना घातलेलं पाहिजे.