जेनेसी अँड वायोमिंग: कंपनी मोठी, पण पारखायचा तो आपला फाटा

अमेरिकेत कारखाना किंवा गोदाम काढून माल रेल्वेने हलवायचा असेल, तर शेवटचे काही मैल अनेकदा एखाद्या शॉर्टलाइनच्या, म्हणजे छोट्या पल्ल्याच्या मालरेल्वेच्या, हाती असतात. मोठी रेल्वे वाघिणी जंक्शनपर्यंत आणते. तिथून तुमच्या साइडिंगवर (आवारातल्या बाजूच्या रुळांवर) त्या लावण्याचे काम छोटी कंपनी करते. या धंद्यातले सर्वांत मोठे नाव जेनेसी अँड वायोमिंग. तिच्या छत्राखाली १०० हून अधिक रेल्वे आहेत. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: नवीन साइडिंगसाठी ही कंपनी जरूर विचारात घ्या, पण कंपनीचे नाव पाहून सही करू नका. सेवा फाट्यागणिक, म्हणजे शाखामार्गागणिक, बदलते.

१८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रेट्सॉफच्या मिठाच्या खाणीसाठी सुमारे १४ मैलांचा फाटा, एवढाच या रेल्वेचा आरंभ. १९७७ मध्ये मॉर्टिमर फुलर तिसरे यांनी सूत्रे घेतली. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने मोठ्या रेल्वेंना न परवडणारे फाटे विकणे किंवा भाड्याने देणे सोपे झाले आणि या कंपनीने ते उचलले. १९८६ मध्ये रॉचेस्टर अँड सदर्न रेल्वे, १९८८ मध्ये बफेलो अँड पिट्सबर्ग रेल्वे. मार्च १९९४ मध्ये रेट्सॉफच्या खाणीचे छत कोसळून पाणी शिरले आणि पुढच्या वर्षी खाण बंद पडली. एकाच गिऱ्हाइकावर जगणारी रेल्वे त्यात संपली असती. ही टिकली, कारण तोवर तिचा माल आणि मुलूख दोन्ही पसरले होते. १९९६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी, २०१२ मध्ये रेलअमेरिका या दुसऱ्या शॉर्टलाइन समूहाची सुमारे १३९ कोटी डॉलरना खरेदी आणि २०१९ मध्ये ब्रूकफील्ड व सिंगापूरची जीआयसी या गुंतवणूकदार संस्थांनी कर्जासकट सुमारे ८४० कोटी डॉलरना अख्खी कंपनी घेणे, हे पुढचे टप्पे.

या वाढीचा मालवाल्याला फायदा काय? पहिला म्हणजे रूळ आणि पूल. एका मैलात सुमारे ३,२५० स्लीपर असतात. शॉर्टलाइनना देखभालीसाठी मिळणारी संघीय करसवलत मैलामागे जास्तीत जास्त ३,५०० डॉलर. तेवढ्यात मूठभर स्लीपरच बदलून होतात. बाकीचे भांडवल कंपनीने आणायचे असते. एकट्यादुकट्या फाट्याला एक जुना पूलही झेपत नाही, मोठ्या समूहाला झेपतो.

पूल किती वजन पेलतो, ते तुमच्या हिशेबात थेट उतरते. एका वाघिणीची सध्याची प्रमाण मर्यादा मालासकट २,८६,००० पौंड; जुन्या फाट्यांवर अजून २,६३,००० भेटते. रिकामी वाघीण ६३,००० पौंडांची धरली तर माल अनुक्रमे २,२३,००० आणि २,००,००० पौंड. म्हणजे २० लाख पौंड माल एकीकडे ९ वाघिणींत बसतो, दुसरीकडे १० लागतात. भाडे बहुधा वाघिणीमागे आकारले जाते, त्यामुळे दहावी वाघीण निव्वळ नुकसान. मर्यादा कुठल्या पुलामुळे आहे आणि तो कधी बदलणार, हे लेखी मागा.

वेगाचेही तसेच. सर्वांत खालच्या दर्जाच्या रुळांवर मालगाडीला ताशी १० मैल, त्यावरच्या दर्जावर २५. साठ मैलांचा फाटा १० च्या वेगाने नुसता जाऊन-येऊन करायला १२ तास लागतात आणि कर्मचाऱ्यांची कायदेशीर ड्युटी तिथेच संपते. शंटिंगला, म्हणजे वाघिणी जोडायला-सोडायला, वेळ उरत नाही.

सगळ्यांत जास्त पैसे मात्र वाघिणी एकदम येण्यात जातात. समजा फाट्यावर गाडी सोमवार, बुधवार, शुक्रवारी धावते आणि तुमच्या दर फेरीला दोन वाघिणी ठरल्या आहेत. मोठ्या रेल्वेची गाडी बुधवारी उशिरा जंक्शनला पोचली, की त्या दोन शुक्रवारच्या दोनांत मिसळून चार होतात. साइडिंगवर जागा दोन वाघिणींचीच असेल, तर उरलेल्या यार्डात थांबतात, 'वाघीण तयार आहे, जागा तुमच्याकडे नाही' अशी नोटीस येते आणि डेमरेजचे (वाघीण अडकून राहिल्याच्या आकाराचे) घड्याळ सुरू होते. उशीर भलत्याचा आणि बिल तुमच्या नावावर. म्हणून साइडिंग फेरीच्या दुप्पट वाघिणींची बांधा. प्लॅस्टिक दाण्यांची वाघीण सुमारे ६५ फुटी. चारांना २६० फूट, शिवाय सांध्यापासून (साइडिंग फाट्याच्या रुळांना मिळते तिथून) सुरक्षित अंतर आणि डिरेलची, म्हणजे घरंगळलेली वाघीण फाट्यावर जाऊ न देणाऱ्या साधनाची, जागा वेगळी. हा खर्च एकदाच होतो, डेमरेज दर महिन्याला येतो.

सोलापूर-बार्शी भागातल्या जुन्या माणसांना कुर्डुवाडी आठवेल. बार्शी लाइट रेल्वेची गेज (रुळांची रुंदी) ७६२ मिलिमीटर, मोठ्या रेल्वेची ब्रॉडगेज, त्यामुळे माल तिथे एका गाडीतून दुसरीत भरावा लागे. अमेरिकी शॉर्टलाइनचे बळ नेमके इथे आहे: रुळांची रुंदी तीच, म्हणून तुमच्या दारातली वाघीण न उघडता मेक्सिकोपर्यंत जाते.

आमची मुख्य तक्रार दराबद्दल आहे. पुष्कळ फाट्यांवर पूर्ण प्रवासाचा दर मोठी रेल्वे ठरवते आणि शॉर्टलाइनला वाघिणीमागे ठरावीक रक्कम देते. स्थानिक अधिकारी कितीही तत्पर असला, तरी दर कमी करणे त्याच्या हातात नसते. त्यातून फाटा भाड्याने किंवा अटींवर घेतलेला असेल, तर मूळ मालक रेल्वेखेरीज दुसरीकडे माल सोपवण्यावर करारात बंधन असू शकते. नकाशावर दोन मोठ्या रेल्वेंची जोड दिसते, पण वापरायची मुभा एकीचीच. दुसऱ्या रेल्वेची वाट अशी बंद असेल, तर जागा घेताना स्पर्धेचा फायदा हिशेबात धरू नका.

इतर सेवांपैकी कारखान्याच्या आवारातले शंटिंग ही कंपनी बऱ्याच काळापासून करते. १९९६ मध्ये रेल लिंक ही कंपनी घेतल्यापासून. इंजिन आणि माणसे त्यांची. दिवसभर वाघिणी हलवायच्या असतील तरच ते परवडते, दोन-चार वाघिणींना ट्रॅकमोबाइल (वाघिणी ओढणारे छोटे वाहन) पुरतो. साइडिंगच नसेल तर ट्रान्सलोड यार्ड, म्हणजे माल वाघिणीतून ट्रकात भरण्याची जागा, घ्या. एका वाघिणीचा माल साधारण चार ट्रकांत जातो, तेव्हा यार्डापासूनचे ट्रकभाडे आधी काढा.

सही करण्यापूर्वी स्थानिक व्यवस्थापकाकडून मागायचे कागद: गेल्या तीन महिन्यांत गाडी ठरल्या दिवशी किती वेळा आली, डेमरेजचे दरपत्रक आणि त्यातली मोफत मुदत, आणि साइडिंग करार. त्या करारात सांध्यापलीकडचे रूळ कोण सांभाळणार ही ओळ शोधा. बहुतेक वेळा ती जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते, सांध्याचा खर्च मात्र घासाघीस करून वाटून घेता येतो.