लकव्याचा तयार व्यायाम संच: काठी ठेवा, पुली काढा

मेंदूत रक्तस्राव होऊन एक बाजू लुळी पडलेल्या पेशंटसाठी मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन असे संच मिळतात: टांगायची पुली, रबरी चेंडू, चार पायांची काठी आणि पाऊल लोंबू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यातल्या घरात यातलं सगळंच कामाचं नाही.

पुली तर काढूनच टाका. छताच्या मयालीला पुली टांगून पेशंटला ओढत बसवतात. पण लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो. पाठीवरचं पातं न फिरता दंड वर ओढला गेला की सांध्यातला मऊ भाग चिमटतो, आणि एकदा खांदा धरला की पेशंट हातच लावू देत नाही. त्यापेक्षा उताणं झोपवून दोन्ही हातांची बोटं गुंफायची आणि चांगल्या हातानं लुळा हात 90 अंशांपर्यंतच उचलायचा. उठवतानाही बखोटं धरून ओढू नका. कमरेला दुपट्टा बांधा, तो धरा.

चेंडूचं तसंच. मूठ आधीच आवळलेली, ती आणखी आवळून काय साधणार? बोटं थोडी हलत असतील तर ताटात सरकीसकट कापूस द्या. रुई सुटी करताना चिमटीत धरणं, ओढणं, सोडणं असं सगळं होतं.

काठी मात्र पैसा वसूल. ती चांगल्या हातात, मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच, कोपर किंचित वाकलेलं. आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला. फरशीवर उत्तम, मुरमाच्या अंगणात चारही पाय एकदम टेकत नाहीत, डुगडुगते. तोल आलेल्यानं तिथं एकपायी काठी घ्यावी. खालची रबरं गुळगुळीत झाली की बदला.

पट्टी एकाच मापाची, हा मोठा दोष. टाच मागे पूर्ण बसायला हवी. आत सुती मोजा हवाच, नाहीतर मे महिन्यात घामानं कातडी सोलते. काढल्यावरची लाली 20-30 मिनिटांत गेली नाही, तर पट्टी बंद. घरात अनवाणी वावरायची सवय असते, पण वर बूट नसेल तर पट्टी टाईल्सवर सरकते. विकत घेण्याआधी सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या दवाखान्यात फिजिओथेरपीत पाय दाखवा.

व्यायामाला डॉक्टरांची परवानगी हवी. रोज आधी बीपी मोजा, श्वास रोखून जोर लावू देऊ नका. अचानक डोकं ठणकलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं तर लगेच 108.