स्वतःच्या स्टँडअपचं रेकॉर्डिंग: काही महिने नियमित ऐकल्यानंतरचा अनुभव

नव्याने स्टँडअप करणाऱ्याला पहिल्याच ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेज मिळतं अशा कार्यक्रमात, सल्ला मिळतो, ‘सेट रेकॉर्ड कर’. सेट म्हणजे स्टेजवर सलग केलेलं आपलं सगळं सादरीकरण. तो सगळेच पाळतात. फोनमध्ये फाइल्स साठत जातात आणि स्टोरेज भरलं की एकगठ्ठा उडवल्या जातात. त्या ऐकायच्या कशा, हे मात्र कुणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी माझा प्रत्येक सेट रेकॉर्ड करून ऐकतेय. सुरुवात फोनवर केली, मग ट्रायपॉड लावून व्हिडिओ घेतले, आणि आता खिशात मावेल असा वेगळा ऑडिओ रेकॉर्डर वापरते. माझं मत आधीच सांगून टाकते: आपण स्वतःला ऐकायला बसतो, पण त्या फाइलमध्ये सगळ्यात मोलाचा असतो तो प्रेक्षकांचा आवाज.

पुण्यातले ओपन माइक ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडंसं. कोथरूड, कर्वे रोड, बाणेर, कोरेगाव पार्क अशा भागांत कॅफेच्या वरच्या मजल्यावर नाहीतर गच्चीवर हे कार्यक्रम होतात. नवख्याला चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो. एक मिनिट उरलं की होस्ट मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतो. समोर कधी साठ माणसं असतात, तर कधी दहा, आणि त्या दहांतले सहा जण आपापल्या स्पॉटची वाट बघणारे कॉमेडियनच असतात. त्या चार मिनिटांत डोक्यात इतकं काही चाललेलं असतं की खाली उतरल्यावर आठवतं ते फक्त पहिलं आणि शेवटचं. मधलं सगळं अंदाजाने भरलेलं. म्हणून रेकॉर्डिंग हवं.

फोन ठेवायचा कुठे, हा पहिला प्रश्न. खिशात ठेवला तर कापड घासल्याचा खरखराट येतो आणि आपलाच आवाज घुमतो, हसू पार लांब गेल्यासारखं वाटतं. प्रेक्षकांतल्या टेबलावर ठेवला तर त्या एका टेबलाचा कार्यक्रम रेकॉर्ड होतो. तिथे कुणी एक खळखळून हसणारी मैत्रीण बसली असेल तर फाइल ऐकताना वाटतं हॉल डोक्यावर घेतला होता. मला सगळ्यात चांगला निकाल मिळाला तो स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेल्या फोनने. आपला आवाज स्पीकरमधून येतोच, शिवाय पूर्ण खोलीचं हसू मिळतं. स्टेजवरच्या स्टुलावर ठेवू नका, पाण्याची बाटली ठेवली की धाडकन आवाज येतो. आणि एअरप्लेन मोड विसरू नका, कारण बऱ्याच फोनमध्ये कॉल आला की रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.

आता फोनच्या रेकॉर्डिंगची खरी अडचण. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. शांतता असली की माइकची संवेदनशीलता वाढवतो, मोठा आवाज आला की दाबतो. फोनवर बोलण्यासाठी हे उत्तम आहे, पण स्टँडअपसाठी घातक. तीन जणांचं हलकं हसू आणि सगळ्या खोलीचा हशा ऐकायला जवळजवळ सारखे वाटू लागतात. त्यात नॉइज रिडक्शन चालू असेल तर हसण्यालाच गोंगाट समजून ते पुसायला लागतं. सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर पहिलं काम ते करा. वेगळा रेकॉर्डर घेतला तो याच कारणासाठी. त्यात पातळी हाताने एकदा ठरवली की ती हलत नाही, आणि आज कोणत्या पंचला, म्हणजे हसू आणणाऱ्या नेमक्या शब्दाला, हशा मोठा होता हे खरोखर कळतं. फक्त फोनच असेल तर हसू किती मोठं होतं ते बघू नका, किती वेळ टिकलं ते मोजा. सेकंद फोनलाही बदलता येत नाहीत.

आजूबाजूचे आवाज हाही मोठा भाग आहे. ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो, आणि डेक्कनच्या बाजूला गच्चीवर कार्यक्रम असेल तर ती गाज प्रत्येक फाइलमध्ये असते. कॅफेतला ब्लेंडर त्याहून वाईट. माझा एक चांगला चालणारा बिट (सेटमधला एका विषयावरचा तुकडा) एका संध्याकाळी साफ पडला होता आणि मी तो सेटमधून काढायच्या बेतात होते. फाइल ऐकली तर नेमक्या पंचवर कोल्ड कॉफी फिरत होती. मागच्या निम्म्या लोकांना शेवटचा शब्द पोचलाच नव्हता. बिट ठेवला, आजही करते.

पहिल्या काही वेळा स्वतःचा आवाज सहन होत नाही, हे सगळ्यांचंच होतं. बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून खालचे स्वर जास्त येतात, म्हणून आतून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो. होल्झमन आणि राउझी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच या अस्वस्थतेचा अभ्यास केला होता. चारपाच फाइल्स नेटाने ऐकल्या की ती ओसरते, तेव्हा पहिल्या आठवड्यात सोडून देऊ नका.

मी सेटच्या रात्री फाइल ऐकत नाही. त्या रात्री कान तटस्थ नसतात. सेट चांगला झाला असेल तर सगळं छान वाटतं, पडला असेल तर प्रत्येक वाक्यात खोट दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये इयरफोन लावून सरळ ऐकते, काहीही न लिहिता. वाकडच्या पुढे गाडी रेंगाळतेच, तेवढ्यात पाच मिनिटांची फाइल दोनदा होते. खरं काम रविवारी, लॅपटॉपवर. ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडली की आवाजाची पूर्ण रेघ दिसते. फाइल वाजत असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी लेबल पडतं. प्रत्येक हशाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक लेबल टाकायचं. विंडोजवर फोनची एम४ए फाइल उघडायला एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, तेवढी एकदाची खटपट आहे. रेकॉर्डरवर मी वेव्ह फॉरमॅट वापरते. मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे एक सेट ५० एमबीच्या आसपास.

लेबलं टाकल्यावर जे दिसतं ते ऐकताना निसटलेलं असतं. माझ्या बाबतीतलं उदाहरण नीट सांगते, कारण मला वाटतं मराठीत स्टँडअप करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. माझा एक बिट आईच्या फास्टिंग शुगरचा आहे. लॅबवाला विचारतो, काही खाऊन आलात का. मी तो असा म्हणत होते: “तर आई त्याला म्हणाली, फक्त उपवासाचं खाल्लंय, साबुदाण्याची खिचडी वगैरे, असं तिने त्याला सांगितलं.” हशा यायचा, पण आखूड. स्क्रीनवर बघितलं तर हशा ‘उपवासाचं’ या शब्दालाच सुरू होत होता, आणि त्याच्यावरून माझे पुढचे सात-आठ शब्द धावत होते. लोक हसायचं थांबवत होते, कारण मी अजून बोलत होते. त्यांना वाटत होतं पुढे काहीतरी आहे, ऐकायला हवं.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि त्याच्याही पुढे आपण ‘असं म्हणाली’, ‘ना’, ‘वगैरे’, ‘म्हणजे’ चिकटवत जातो. गप्पांमध्ये ते गोड लागतं, पण स्टेजवर पंचचा शब्द त्या सगळ्याखाली गाडला जातो. आता तो बिट असा आहे: “आईची फास्टिंग शुगर काढायची होती. लॅबवाला म्हणाला, काही खाऊन आलात? आई म्हणाली, नाही हो. फक्त उपवासाचं.” इथे तोंड बंद. हशा पूर्ण वर जाऊन उतरायला लागला की मग, “रिपोर्ट आला. तीनशे दहा.” हा टॅग, म्हणजे पंचनंतर जोडलेला छोटा दुसरा पंच, आधीपासून लिहिलेला होता, पण पहिला हशा मोकळा झाल्याशिवाय त्याला जागाच मिळत नव्हती. जवळजवळ एकही नवा शब्द न लिहिता, फक्त कापून आणि थांबून त्या बिटचा हशा दुप्पट लांब झाला, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाही, दोन्ही फाइल्स एकाखाली एक लावून बघितलंय.

एकांकिका केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तालमीत दिग्दर्शक ओरडायचे, ‘लाफ्टर खाऊ नकोस!’, म्हणजे हशा चालू असताना बोलू नकोस. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या स्टेजवर उभं असताना ते पाळलंही जायचं, कारण समोरचा नट वाक्य घ्यायला थांबलेला असायचा. स्टँडअपमध्ये समोर कुणी नाही. शांततेची भीती वाटते आणि माणूस बोलत सुटतो. ती सवय तालीम करून जात नाही, स्वतःच्या कानांनी ऐकली की जाते.

दुसरा मोठा फायदा तुलनेचा. तोच बिट कोथरूडच्या मराठी प्रेक्षकांसमोर आणि बाणेरच्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठी खोलीत केला की फाइल्स शेजारी ठेवून ऐका. उपवासाचा बिट दोन्हीकडे चालतो, पण बाणेरला हशा किंचित उशिरा सुरू होतो. तो अर्धा सेकंद माहीत असला की स्टेजवर घाबरायला होत नाही. एका फाइलवरून कुठलाही निर्णय घेऊ नये. निदान चार वेगवेगळ्या खोल्यांत बिट पडला तरच तो पडला असं मी समजते.

व्हिडिओबद्दल माझं मत थोडं कडक आहे: नवख्याने महिन्यातून एकदाच बघावा. व्हिडिओ लावला की लक्ष केसांकडे, कुर्त्याकडे, हाताच्या हालचालींकडे जातं आणि प्रेक्षक ऐकायचे राहून जातात. बघायचाच तर आवाज बंद करून बघा. आपण एकाच बाजूकडे बघून बोलतोय का, माइकची वायर सारखी गुंडाळतोय का, स्टँड पुढून बाजूला केला का, हे मुक्या व्हिडिओत झटकन दिसतं.

ऐकलेलं कुठेतरी नोंदवायलाही हवं. फिलिस डिलर या अमेरिकन विनोदकार बाईंनी आयुष्यभर विनोद कार्डांवर टाइप करून, विषयवार लावून पोलादी खणांच्या कपाटात ठेवले होते. पन्नास हजारांहून जास्त कार्डं. २००३ मध्ये ते कपाट त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिलं. मला त्या कपाटाबद्दल नितांत आदर आहे. माझी साधी दोनशे पानी वही आहे: बिटचं नाव, तारीख, जागा, अंदाजे माणसं किती, हशा किती सेकंद, आणि स्टेजवर उत्स्फूर्त आलेलं वाक्य. हा शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. माझ्या आजच्या सेटमधले सगळ्यात चांगले दोन टॅग घरी बसून लिहिलेले नाहीत, ते फाइलमध्ये सापडले. बोलल्याचंही आठवत नव्हतं.

सेट शब्दशः उतरवून काढायला फोनचं मराठी व्हॉइस टायपिंग वापरून बघितलं. मराठीत मध्येच इंग्रजी आणि वर हसण्याचा आवाज, त्यामुळे ते गोंधळतं. हातानेच लिहा. पाच मिनिटांच्या सेटला तासभर जातो, पण ‘तर’ आणि ‘म्हणजे’ किती वेळा आलं ते हाताला जाणवतं.

तोटे आहेत. फार ऐकलं की तोच सूर, तोच विराम पाठ होतो आणि सेट बेतल्यासारखा वाटू लागतो. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी मी जुनी फाइल अजिबात लावत नाही. दुसरं, फाइलमध्ये इतर लोकही असतात. होस्टला विचारून रेकॉर्डर ठेवावा, आपला सेट संपला की लगेच बंद करावा, दुसऱ्याचं मटेरियल आपल्याकडे राहू देऊ नये. क्राउडवर्कमध्ये, म्हणजे प्रेक्षकांशी थेट गप्पा मारताना, कुणी स्वतःबद्दल काही सांगितलं असेल तर ती फाइल ग्रुपवर टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

घ्यायचं काय, असं विचाराल तर पहिले तीन-चार महिने काहीच घेऊ नका. हातातला फोन, एअरप्लेन मोड, नॉइज रिडक्शन बंद आणि वही, एवढं पुरतं. दर रविवारी ऐकायची सवय टिकली तर मग हाताने पातळी ठरवता येणारा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा रेकॉर्डर घ्या. सेल कुठल्याही किराणा दुकानात रात्री दहालाही मिळतात. ट्रायपॉड मित्राकडून महिन्यातून एकदा मागून आणला तरी चालतो.